पाय उगवतीकडे

माझ्या बाबांना मी उलटं पुरलं. हे वाक्य मी चार वर्षं कुणाजवळ बोलले नाही. आता लिहिते आहे.

उलटं म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणसाला मातीत ठेवतात ते डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला करून. प्रभू परत येणार, आणि पूर्वेकडून येणार, असा आमचा विश्वास. तो आला की मेलेले उठतील, जो जिथं निजला तिथंच उठून उभा राहील. पाय पूर्वेला असले की उठल्याबरोबर तोंड त्याच्याकडे. शहरातले शिकलेले ख्रिस्ती लोक यावर हसत असतील. आमच्या अकोल्यात हसत नाहीत. आमच्या नेहमीच्या खड्डा खणणाऱ्यालासुद्धा हे पाठ असतं, मग तो कोणत्या का धर्माचा असेना.

आईचा तर अख्खा दिवस या येण्याभोवती बांधलेला असायचा. "आज आला तं?" हा तिचा ठरलेला प्रश्न. शेजारणीची वाटी घरात राहिली, तर आज आला तं? खरकटी भांडी मोरीत, तर आज आला तं? चौदा-पंधरा वर्षांची असताना मी एकदा उसवलेला परकर घालून घरात हिंडत होते. आई म्हणाली, "बदल तो. आज आला तं?" मी म्हटलं, "तो काय माझा परकर पाहायला येणार आहे?" हातातलं लाटणं पाठीत बसलं. दिवस मावळायच्या आत तीच खोबरेल तेल घेऊन आली, पाठ चोळून दिली आणि माझी माफी मागितली. राग मनात ठेवून दिवस मावळू द्यायचा नाही, हा तिचा नेम होता. परकर मात्र बदलायला लावलाच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षारसाचे इवले इवले पेले तबकात घालून बाकांवरून फिरवतात. ज्याच्या मनात खोट आहे त्यानं ते घेऊ नये. घेतलं तर आपल्याच माथी दोष ओढवून घेतल्यासारखं होतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून आदल्या शनिवारी दुपारच्या चहाला आई घरातल्या प्रत्येकाला विचारायची, "काही मनात हाय का?" बाबा दवाखान्यात कंपाऊंडर होते, भला माणूस. त्यांच्या मनात कधी काही नसायचंच. ते बिचारे आठवून आठवून काहीतरी शोधून काढायचे. लग्न होऊन मी अमरावतीला आले, शाळेत शिकवायला लागले, माझे केस पिकले, तरी त्या शनिवारी आईचा फोन चुकला नाही. "काही मनात हाय का?"

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. एप्रिल होता. आई घरी तापात पडलेली, मी एकुलती एक. मातीला एकाच माणसाला परवानगी होती, ते माणूस मी. मला ते पांढरं किट घालायला लावलं. बाहेर अकोल्याचं ऊन, आत घामाच्या धारा, आणि डोळ्यांवरच्या चष्म्यावर वाफ धरलेली. आमच्या जुन्या दफनभूमीत जागा नव्हती, म्हणून तिच्या मागचा बाभळींचा तुकडा साफ करून तिथं नवी ओळ सुरू केली होती. गाडी कुठल्या तरी बोळातून गेली, भिंत फोडून केलेल्या फाटकातून आत शिरली. त्या बाजूनं मी जन्मात कधी गेले नव्हते.

माती द्यायचं काम तेव्हा अकोल्यातली काही मुसलमान माणसं आपणहून करत होती. ज्यांचं कोणी नाही त्यांचं, आणि ज्यांचं असून जवळ येत नाही त्यांचंही. त्या दिवशी चौघे होते. त्यांतला एक जाड आवाजाचा माणूस माझ्यापाशी आला आणि अदबीनं म्हणाला, "आपा, तुम्हारे में सर किधर रखते?"

लहानपणी बाबांनीच मला खूण सांगून ठेवली होती, पाय गेटाकडे. आमच्या दफनभूमीचं मोठं गेट उगवतीला आहे, त्यामुळे खूण सोपी. मी म्हटलं, "पाय गेटाकडे." ते मान डोलावून गेले. पाळकसाहेबांनी फोनवरून प्रार्थना केली. मी फोन हात लांब करून खड्ड्याच्या दिशेनं धरला होता. ऊन डोक्यावर उभं होतं, सावली पायाखाली. कोणती पूर्व आणि कोणती पश्चिम हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

कागद, सह्या, पुन्हा कागद यात पाच वाजले. निघायला म्हणून वळले तर त्या फाटकातून ऊन सरळ तोंडावर आलं. मी दोन पावलं गेले आणि थांबले. पाच वाजता समोरून ऊन येतं म्हणजे समोर मावळती. हे मागचं फाटक होतं. बाबांचे पाय मावळतीला होते, आणि ते मी सांगितलं म्हणून होते.

मी धावत मागं गेले. तोवर ओळीत आणखी दोन खड्डे बुजले होते, तिसरा चालू होता. तो जाड आवाजाचा माणूस कुदळ टेकून पाणी पीत होता. मला धड बोलता येईना. "भाऊ, एकदा उघडता येईल का?" एवढंच निघालं. त्याला वाटलं मला तोंड पाहायचं आहे. तो म्हणाला, "नहीं आपा. एक बार मिट्टी दे दी तो दे दी. दुआ करो." उलटं झालं, हे मी त्याला सांगितलंच नाही. कुदळ धरून धरून त्याच्या हातांना फोड आले होते. मी परत फिरले.

घरी आईला दारातूनच बोलायचं होतं, आत जायची बंदी. ती खाटेवर उठून बसली आणि पहिला प्रश्न हाच विचारला, "डोकं कुठीकडे होतं?"

मी म्हटलं, "मावळतीला."

"देवाची कृपा," ती म्हणाली आणि आडवी झाली.

त्यानंतर चार वर्षं मी जगले, ते कसं जगले ते माझं मला माहीत. सहा-सात महिन्यांनी आईनं दगडी क्रूस करून घेतला. क्रूस उशाशी उभा करतात. गवंडी म्हणाला उशाची बाजू कोणती, आईनं मावळतीकडे बोट दाखवलं. सिमेंट आळेपर्यंत तो क्रूस सरळ धरून मी उभी होते, बाबांच्या पायांवर. आई डोळे मिटून प्रार्थना करत होती. मला वाटलं आत्ता सांगावं. पण त्या दिवशी ती किती दिवसांनी हसली होती. उद्या सांगू म्हटलं, आणि उद्याचा परवा व्हायला काय लागतं.

दर महिन्याला शनिवारी फोन यायचा. "काही मनात हाय का?" मी म्हणायची, नाही. रविवारी तबक आलं की मी भाकर घ्यायची, पेला घ्यायची. घेतला नाही तर शेजारच्या बाया पाहतील, आणि अकोल्याला कळायला किती वेळ लागतो. एकदा पेला तोंडाला लावून मी तशीच बसून राहिले, भजन संपेपर्यंत. आपण दर महिन्याला गिळतो आहोत ती आपलीच शिक्षा आहे, हे मला पक्कं कळत होतं. आपल्या खोट्याला माणूस किती सरावतो, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. आईनं आत बसल्या बसल्या ते ओळखलं. मी दर शुक्रवारी शाळा सुटली की अमरावतीहून एसटीनं अकोल्याला जायला लागले. आईनं घर आवरायला काढलं. कुणाची सुरी, कुणाचं पुस्तक, सगळं परत केलं. ज्यांच्याशी कधीकाळी दोन शब्द झाले होते त्यांच्या दारी मला घेऊन गेली, आणि त्या बायांना ते भांडण आठवतही नव्हतं. मरायला टेकलेली बाई दारात उभी राहून माफी मागते म्हणून त्या रडायच्या. मी बाजूला उभी राहून चपलेच्या अंगठ्याकडे पाहायची.

अशाच एका शनिवारी चहा पिताना तिनं विचारलं, "काही मनात हाय का?" बोलता बोलता तिचा हात पोटावर गेला. आणि मला एकदम दिसलं की हा प्रश्न फार तर अजून दोन-तीनदा येईल, मग कधीच येणार नाही, आणि मी हे एकटी घेऊन बसेन.

मी सांगितलं. गेट, ऊन, कुदळ, क्रूस, सगळं.  सांगून झाल्यावर मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, तर तिनं पाय ओढून घेतले.

दिवस मावळला. आई बोलली नाही. जन्मभर जिनं रागावर दिवस मावळू दिला नव्हता, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सकाळी हट्टानं रिक्षात बसून उपासनेला आली. तबक आमच्या बाकावर आलं. आईनं ते हातात घेतलं, त्यातलं काही न उचलता पुढच्या बाईला दिलं. माझ्याकडे न पाहता. मीही घेतलं नाही. त्या एका तबकानं मला जितकं मारलं तितकं लाटण्यानं कधी मारलं नव्हतं.

सोमवारी मी शाळेला रजा टाकली. दुपारी ती बोलली.

"चार वर्सं तू मले त्यायच्या पायावर फुलं वाहाले लावलीस."

"हो."

"काहून नाही सांगतलं?"

"भ्याले."

"मले भ्याली. अन् त्याले नाही भ्याली?" तिनं छताकडे बोट केलं.  मला वाटलं पुन्हा भिंतीकडे वळते आहे. पण ती म्हणाली, "त्यायले तशीही दिशा कळत नव्हती. पातूरले जायचं म्हनून निंगाले का तेल्हाऱ्याच्या गाडीत बसत. मीच हाताले धरून उतरवत होतो." तिचं तोंड हसल्यासारखं झालं आणि तसंच वाकडं राहिलं. "मले त्यायच्या बाजूले ठेवजो. सरळ ठेवजो, पाय उगवतीले. मी उठीन अन् त्यायच्या खांद्याले हात लावून फिरवून घेईन. त्याले काय वेळ लागते?"

मग तिनं मला जवळ घेतलं. मी पन्नाशीची बाई, तिच्या लुगड्यात तोंड खुपसून किती तरी वेळ रडले. चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की यातून बाहेर पडायला वाट आहे.

दुसऱ्या दिवशी मी दफनभूमी पाहणाऱ्या पंचांकडे गेले. म्हातारे गृहस्थ, बाबांच्या ओळखीचे. त्यांनी वही न उघडताच मान हलवली. "ताई, थ्या ओळीत आता इंचभर जागा नाही. थे तं तवाच आठ-पंधरा दिवसांत भरली. दोनी बाजूले मानसं हायेत." मी हातापाया पडले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण जागा पाण्यानं होत नाही. आईसाठी दुसऱ्या टोकाला, मोठ्या गेटाजवळ जागा मिळणार होती. मधे सगळी दफनभूमी.

घरी येताना मी रिक्षात ठरवत होते, काय सांगायचं. 'झालं' म्हटलं असतं तर ती निवांत गेली असती. कोण तपासणार होतं? दारात पाय ठेवला तर तिनं विचारलंच, "झालं का?"

"जागा नाही, आई."

मी खरं बोलले याचा मला आजही अभिमान वाटत नाही. तिच्या चेहऱ्यावरचं जे काही होतं ते विझलं. संध्याकाळी पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी नीट समजावलं. जे पाण्यात बुडाले, जे आगीत गेले, त्यांनाही प्रभू उठवणारच आहे. त्याला दिशेचं बंधन नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"थे मले माईत हाय, साहेब," ती म्हणाली. "मी का अडाणी हाय? थो उठवीनच. पन येनाऱ्या पाहुन्याले कोनी पाठ दाखवते का? समदे त्याच्याकडे पाहून राह्यले असतीन, अन् हे एकटेच भिंतीकडे तोंड करून उभे. मानसाले लाज वाटन का नाही?"

पाळकसाहेब प्रार्थना करून गेले.  शेवटच्या आठवड्यात आई गुंगीत असायची, मधेच डोळे उघडून म्हणायची, "मंग त्यायले कोन फिरवीन?" मी म्हणायची, "मी फिरवीन, आई." ती माझ्याकडे अशी पाहायची की, तू तर अमरावतीची. माझी माती अमरावतीला व्हायची, हे तिला गुंगीतही कळत होतं. असं विचारता विचारताच ती गेली.

तिला मातीला नेलं तेव्हा सकाळ होती. मी सूर्य पाहून घेतला, एकदा नाही, तीनदा. पाय उगवतीकडे ठेवले. तिची पेटी ज्या सुतारानं केली होती तो टेम्पोबरोबर आला होता, साठीला आलेला, दाढी पांढरी. त्यानंच दोर धरून पेटी खाली सोडली, अगदी हलक्या हातानं. सगळं झाल्यावर माणसं पांगली, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आपा, पहचाना?" चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. आवाज ओळखला.

मी हात जोडले. त्या दिवशी तुम्ही नसता तर, असं काहीतरी म्हणाले. तो म्हणाला, "हमने क्या किया? उस दिन तो आपने हमकू आसान कर दिया."

मला कळेना. त्यानं मागच्या बाजूच्या बाभळींकडे हात केला. "वो पूरी लाइन में पूछने कू कोई आताच नहीं था. किसीके घर के सब दवाखाने में, कोई डरके दूर से चला गया. हमकू फिकर थी, उनके मजहब का काम है, गलत नहीं होना. फिर आपने बताया ना, पाँव गेट की तरफ. आपके बाद जितने आए, सबकू वैसेच रखे हम. एक एक कू." त्याचे डोळे भरून आले होते. "ठीक किया ना हमने?"

माझ्या मागं दहा पावलांवर आईची ओली माती होती. खरं बोलायची तीच वेळ होती. मी त्या माणसाच्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्यांच्या मेलेल्यांना त्यानं त्या उन्हात, मरणाची पर्वा न करता, त्यांच्या धर्माप्रमाणे निजवलं होतं. त्याचं म्हातारपण त्या एका समाधानावर उभं होतं.

"बिलकुल ठीक किया, भाऊ," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी मागच्या तुकड्यात गेले. बाबांपासून पुढं ओळ भिंतीपर्यंत जाते. काहींवर क्रूस आहेत, सगळे मावळतीच्या टोकाला, घरच्यांनी मागाहून आणून लावलेले. काहींवर नुसती माती. मी मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं. यांच्यात परगावाहून दवाखान्यात आणलेले कोणी असतील, कोणाच्या तरी आया असतील. आईची काळजी एवढीच होती की बाबा एकटे पाठमोरे उभे राहतील. ते एकटे नाहीत, आई. मी त्यांना सोबत दिली आहे.

आता शनिवारी फोन वाजत नाही. प्रभुभोजनाचं तबक येतं, मी पुढं देते. अमरावतीत बायांनी पाहिलं, कुजबुजल्या, गप्प झाल्या. पण उपासनेच्या शेवटी सगळी मंडळी उभी राहून 'प्रभू, लवकर ये' म्हणते, तेव्हा माझं तोंड उघडत नाही. विश्वास गेला असता तर फार सोपं होतं. विश्वास जसाच्या तसा आहे, म्हणून तर भीती वाटते. रोज सकाळी शाळेला निघण्याआधी मी गुडघे टेकते आणि एकच मागणं मागते, ते कुठल्याही शास्त्रात बसत नाही हे मला माहीत आहे. यायचंच असेल तर या खेपेला मावळतीकडून ये. तिकडं तोंड करून बरीच माणसं निजली आहेत. त्यांनी काही केलेलं नाही, त्यांना तसं मी ठेवलंय.